अप्पांनी तपासलेला आल्प्स

सर्व संबंधितांना, आणि विशेषतः धारवाडच्या सप्तापुरातल्या पापड वाळवणाऱ्या समस्त महिलावर्गाला, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की आल्प्स पर्वत प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासण्यात आला आहे. तपासणी माझ्या सासऱ्यांनी केली. साक्षीदार म्हणून मी हजर होतो. निकाल शेवटी जाहीर करीन, कारण तो त्यांच्याच शब्दांत सांगायला हवा. पृथ्वीवर राहणारी माणसं पुष्कळ आहेत, पण पृथ्वीवर माझ्या सासऱ्यांइतकं प्रेम दुसऱ्या कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. आणि तेही आयुष्यभर धारवाड-हुबळीचा पट्टा फारसा न ओलांडता.

ते आधी माझे भूगोलाचे सर होते आणि मग सासरे झाले. त्यामुळे मी त्यांना 'सर'वरून 'अप्पा'वर आलो, पण त्यांचा माझ्याबाबतीत कायमचा गोंधळ राहिला. "जावईबापू, गाढवासारखं बोलू नका," असं ते मला भर पाहुण्यांत म्हणत. त्यांच्या खिशात सदैव होकायंत्र असे. पूर्व कुठे आहे याची खात्री झाल्याशिवाय ते कुठल्याही ताटावर बसत नसत. आमच्या लग्नात पूर्वेकडे तोंड करायचं म्हणून ते माझ्या वडिलांकडे, म्हणजे साक्षात व्याह्यांकडे, पाठ करून जेवले. वडील संतापले तेव्हा अप्पांनी मान न वळवता खुलासा केला, "राग नाही हो, दिशा आहे." कुठलंही विधान केलं की शेवटी ते "लिहून घ्या" म्हणत. वर्गात म्हणत ते ठीक होतं, पण ते दूधवाल्यालाही म्हणत. "उद्या अर्धा लिटर जास्त. लिहून घ्या."

घराच्या गच्चीवर त्यांनी एक पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी त्यात डोकावून, मग आकाशाकडे बघून, ते गल्लीला हवामान सांगत. हा अंदाज कधी एकदाही खरा ठरला नव्हता, पण इतक्या नेमाने चुकणारा माणूसही खरं बोलणाऱ्याइतकाच उपयोगी असतो. अप्पा गच्चीवरून "आज पाऊस" असं ओरडले की गल्लीतल्या सगळ्या बायका धावत जाऊन पापड-सांडगे वाळत घालत. त्यांनी "लख्ख ऊन" म्हटलं की दोरीवरचे कपडे आत यायचे. अप्पांना हे माहीत नव्हतं. उलट आपण बोलताक्षणी गल्लीत एवढी हालचाल होते, हे पाहून ते समाधानाने खाली उतरत.

दोन हजार सालानंतर आमच्याकडच्या घराघरांतली मुलं बेंगळूरमार्गे परदेशी जाऊ लागली. माझा मेहुणा श्रीनिवास असाच स्वित्झर्लंडला पोचला. त्याच्या कामावर खूश होऊन कंपनीच्या मालकाने स्वतःचं आल्प्समधलं शॅले त्याला आठवडाभर वापरायला दिलं. शॅले म्हणजे डोंगरउतारावरचा लाकडी बंगला. श्रीमंत लोक हिवाळ्यात तिथे बर्फावर घसरायला जातात. "अप्पांना घेऊन सगळे या," असा श्रीनिवासचा फोन आला. घरात आनंदीआनंद झाला. फक्त अप्पांचा चेहरा पडला. त्यांनी मला खुणेनं गच्चीवर नेलं, पर्जन्यमापकाला हात टेकला आणि म्हणाले, "जावईबापू, मी बर्फ बघितलेला नाही."

"म्हणून तर चाललोय की, अप्पा."

"तसं नाही. सहावीत तू मला काय विचारलं होतंस, आठवतंय?"

मला चांगलंच आठवत होतं. आल्प्सचा धडा चालू असताना मी हात वर करून विचारलं होतं, "सर, बर्फावर पाय ठेवला की कसं वाटतं?" सर क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिले होते आणि मग म्हणाले होते, "पहिल्यांदा गार लागत नाही. पहिल्यांदा चटका बसतो. चैत्रात भर दुपारी डांबरी रस्त्यावर अनवाणी उभं राहिल्यासारखा. गार लागतं ते मागाहून. लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं. मी ते परीक्षेतही लिहिलं आणि पुढे माझ्या मुलांनाही सांगितलं.

"मग तो चटका?" मी विचारलं.

"सुचला," अप्पा म्हणाले. "अख्खा वर्ग तोंड उघडं टाकून बघत होता. माहीत नाही म्हणायला जीभ उचलेना. एकदा सांगितलं आणि मग दर वर्षी सांगत गेलो. निवृत्त होईपर्यंत."

"अहो, एवढंसं काय ते!"

"एवढंसं? बाकी सगळं पुस्तकातलं सांगितलं. पोरांनी माझं म्हणून लिहून घेतलं ते तेवढंच." मग त्यांनी शर्टाच्या खिशातून कोऱ्या पोस्टकार्डांची जुडी काढली. "खोटं निघालं, तर ज्यांचे ज्यांचे पत्ते मिळतील त्या प्रत्येकाला कळवणार. वाक्य खोडून टाका म्हणून."

अशा रीतीने आम्ही निघालो. अप्पांच्या सामानात धोतरं, शेंगाचटणीची बरणी, होकायंत्र आणि ती जुडी. बाकी सगळ्यांची सहल होती. अप्पांचा निकाल लागायचा होता.

शॅले पाहून मी तर उंबऱ्यातच विरघळलो. उशा इतक्या मऊ की सकाळी आपलं डोकं शोधावं लागे. अंगणात उघड्यावर गरम पाण्याचा हौद, त्यात बसून समोर हिमशिखरं बघायची. हाताखाली क्लेअर नावाची एक हसरी मुलगी. स्वयंपाक, वाढप, सगळं तीच बघे. अप्पांची आयुष्यभराची समजूत अशी की ज्याला मराठी येत नाही त्याला कन्नड येतं. आमच्या गावात ती कधी खोटी ठरली नव्हती, त्यामुळे आल्प्समध्येही त्यांनी तीच पुढे चालवली. पहिल्याच सकाळी ते तिला म्हणाले, "स्वल्प बिसी नीर कोड्री." तिनं हसून गरम पाणी आणून दिलं. अप्पांनी विजयी मुद्रेनं आमच्याकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी तीच अप्पांना "ऊटा आतेनरी?" म्हणून जेवण झालं का विचारू लागली. श्रीनिवासला तीन वर्षांत जेवढं फ्रेंच आलं नव्हतं तेवढं कन्नड तिला तीन दिवसांत आलं.

सगळं होतं. बर्फ तेवढा नव्हता. त्या वर्षी हिवाळाच रुसला होता. समोरची शिखरं पांढरी, पण शॅलेच्या भोवती हुबळीच्या उणकल तळ्याकाठी असावं तसं हिरवंगार गवत. वर शिखरापर्यंत नेणारा तारेवरचा पाळणा वाऱ्यामुळे बंद. घरातली जमीन खालून तापवलेली असे. आम्ही त्यावर अनवाणी लोळत होतो, पण अप्पांनी पायातले मोजे काढायला साफ नकार दिला. "पायाला खोटी माहिती मिळतीय," ते म्हणाले. घसरणाऱ्यांसाठी एका उतारावर यंत्रानं बर्फ टाकला होता. श्रीनिवास म्हणाला, "अप्पा, तिथं उभं राहा की दोन मिनिटं."

"मशीनचा बर्फ? तो हुबळीच्या मासळीबाजारात पण मिळतोय. तेवढ्यासाठी विमानात बसलो काय?"

रोज सकाळी ते व्हरांड्यात उभे राहून आकाश न्याहाळत आणि जाहीर करत, "आज बर्फ." आणि रोज ऊन पडे. माझ्या बायकोला, वैजूला, बापाचा इतिहास पाठ होता. पाचव्या दिवशी ती लाडात येऊन म्हणाली, "अप्पा, एकदाच म्हणा ना, बर्फ पडणार नाही."

"पडणार असं वाटत असताना? खोटा अंदाज देऊ?"

"एकदाच हो."

"एकदा दिला होता," अप्पा म्हणाले, "तोच फेडायला आलोय."

शेवटच्या संध्याकाळी ते बराच वेळ व्हरांड्यात उभे होते. आत आले, पोस्टकार्डांची जुडी टेबलावर ठेवली, पेनाचं टोपण काढलं आणि अगदी मनापासून, पडलेल्या आवाजात म्हणाले, "उद्या लख्ख ऊन. लिहून घ्या." मी आणि वैजूनं एकमेकांकडे पाहिलं. तिनं हळूच माझा हात दाबला. सप्तापुरात असतो तर त्या क्षणी सगळी गल्ली कपडे आत घ्यायला धावली असती.

सकाळी नाश्त्याला बसलो आणि खिडकीबाहेर पहिला पुंजका तरंगत खाली आला. मग दुसरा. कॉफी संपेपर्यंत समोरचं झाड दिसेना, आणि तासाभरात गवत पार झाकून गेलं. आम्हाला न्यायला गाडी येण्याची वेळ होत आली होती. अप्पा उठले. धोतर, दोन स्वेटर, कानटोपी. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांनी मोजे काढले, नीट घडी करून खुर्चीवर ठेवले आणि दार उघडलं. क्लेअर हातात भलेमोठे बूट घेऊन धावत आली. "अप्पा, ब्याडा! ब्याडा!" नको, नको म्हणत ती कन्नडमध्येच ओरडली. वैजू म्हणाली, "अप्पा, न्यूमोनिया होईल!"

"झाला तर तो गार लागून होईल. ते मागाहून. मला आधी काय होतं ते बघायचंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू असा समोर ये. सरळ उभा राहा. विचार."

पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला मी आल्प्सच्या अंगणात हात वर करून उभा राहिलो. "सर," मी म्हणालो, आणि इतक्या वर्षांनी तो शब्द तोंडून येताच माझा आवाज का कोण जाणे बारीक झाला, "सर, बर्फावर पाय ठेवला की कसं वाटतं?"

अप्पा आता नाहीत. त्यांचा पर्जन्यमापक उणकलला आमच्या गच्चीवर आहे. सकाळी मी त्यात डोकावतो, आकाशाकडे बघतो आणि मोठ्यानं अंदाज सांगतो. पण माझे अंदाज कधी बरोबर येतात, कधी चुकतात, त्यामुळे कुणाच्याच उपयोगाचे नाहीत. त्यांचं कपाट आवरताना ती पोस्टकार्डांची जुडी वैजूच्या हाती लागली. सगळी कोरी. एकावरही अक्षर नाही. ती जुडी छातीशी धरून वैजू बराच वेळ हसत होती, आणि मग हसत नव्हती. आम्हा दोघांनाही तेच अंगण दिसत होतं. पायरीवर धोतर वर धरून उभे असलेले अप्पा. हवेत थबकलेला त्यांचा तो सुरकुतलेला, जगात फारसा न फिरलेला तळपाय. मग तो बर्फात घोट्यापर्यंत बुडालेला. मग आधी वर गेलेल्या भुवया, मग पाण्यानं भरलेले डोळे, आणि मग समोरच्या सगळ्या शिखरांना ऐकू जाईल असा वर्गातला तो खणखणीत आवाज:

"अगागागा... भाजतंय! खरंच भाजतंय की रे! लिहून घ्या!"