अकराव्या मजल्यावरचा दुधी

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी बागाईतदार सबंध ठाणे जिल्ह्यात नसेल, आणि असलाच तर त्याच्याकडे निदान जमीन असेल. मामांची वाडी बाळकुमला होती. आता तिथे टॉवर आहे आणि त्याच टॉवरच्या अकराव्या मजल्यावर मामा राहतात. लोक गॅलरीत झोपाळा टांगतात. मामांनी पिंपं कापून माती भरली. पश्चिमेचं ऊन असं, की दुपारी ग्रिलला हात लावला तर चटका बसावा. टोमॅटो भाजले, मिरच्या वाऱ्याने मोडल्या, मामा हटले नाहीत. मार्च लागला की घरातली एकुलती एक छत्री रोपांवर, आणि डोक्यावर टॉवेल टाकून मामा बाजारात. कोणी टोकलं तर म्हणत, "मी काय सुकनार हाय?"

पण त्यांचा खरा जीव एका दुधीत होता. मामी गेल्या, त्याआधी त्यांनी वाडीतल्या वेलाचं बी राखेत घालून ठेवलं होतं. त्यातला एकच दाणा रुजला. त्याला फळ धरावं, ते वेलावरच वाळावं आणि पुढचं बी मिळावं, एवढंच मामांना हवं होतं. इतक्या उंचावर ना माशी पोचते ना भुंगा, म्हणून संध्याकाळी फुलं उमलली की नर फूल खुडून मादी फुलाला टेकवायचं काम मामांचंच. पहिलं मादी फूल उमललं ते नेमकं त्यांच्या मुलाच्या हळदीला. खाली मांडवात बँजो वाजतोय आणि नवरदेवाचा बाप गायब! मला शोधायला पिटाळलं. मामा गॅलरीत होते. कपाळाला हळद, हातात फूल.

"आवाज करू नको, जावाय," ते म्हणाले. "खालचं लगीन उद्या हाय, हिचं आताच हाय."

फळ धरलं. लग्नानंतर काही दिवसांनी मी जेवायला गेलो, तेव्हा मामा मासळी आणायला बाहेर पडलेले. नव्या सुनेने दुधीत सुकट घालून केलेली भाजी वाढली.

"वा! बाजारातला दुधी असा लागत नाही," मी म्हणालो.

"बाजारचा नाय भावजी, आपल्याच वेलाचा. जून झाला आसता, म्हनून काढला. तुमी येनार होते ना!"

मी हातातला घास पानात ठेवला. त्या बिचारीला कोणी काही सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात मामा आले आणि नेहमीप्रमाणे आधी गॅलरीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग हात धुऊन पानावर बसले आणि एक घास खाल्ला.

"तुझी सासू आसाच करायची. चव पन तीच," सुनेला म्हणाले, आणि आणखी वाढायला सांगितलं. पोरगी खुलली. माझ्याकडे मात्र मामांनी पाहिलं नाही.

त्या वेलाला पुन्हा फळ धरलं नाही. मेच्या उन्हात तो वाळून गेला. मामा सुनेला कधी काही बोलले नाहीत, मग मीही बोललो नाही. आता ग्रिलवर तिने बाजारातून आणलेल्या बियांचा वेल आहे आणि फुलं कशी जोडायची ते मामा तिलाच शिकवतात. दुधी उत्तम येतो. मामा दोनदा वाढून घेतात, तिचं तोंडभर कौतुक करतात. चव तीच आहे, असं मात्र पुन्हा कधी म्हणाले नाहीत.