वॉर्डाबाहेरची सोबत

धाकट्या भावाला नागपूरला मानसोपचार वॉर्डात भरती केलं, पण बाबा त्याला भेटायला आत जाईनात. बाहेरच्या बाकावर बसून राहत. तिथली एक शिकाऊ सोशल वर्कर रोज येऊन, ओढणी सावरत त्यांच्याशेजारी बसायची.

"बाबांले समजवा न जरा," मी एकदा वैतागून म्हटलं.

"एमएसडब्ल्यू झालं भाऊ, पण इथलं शिक्षण सुरूच आहे. ते होऊन नोंदणी झाल्याशिवाय एकटीनं सल्ला द्याची परवानगी नाही मले," ती हळूच म्हणाली. "सोबत बसाची आहे."

एका दुपारी बाबाच तिला म्हणाले, "पोरी, मीच त्याले घराबाहेर काढलं होतं. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

ती नुसती उठून उभी राहिली. मग बाबाही उठले. दारापर्यंत ती त्यांच्यासोबत गेली आणि बाहेरच थांबली.