सर्वानुमते मंजूर

आमच्या चंदनसारच्या सोसायटीचा मी नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. सभेचं इतिवृत्त लिहिण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मला वाटायचं. पार्किंगवरून एकमेकांची गचांडी धरली तरी मी लिहितो, ‘सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.’ झाकली मूठ सव्वा लाखाची. याच हुशारीने मी वटार गावातला संगणकवर्ग बुडवला.

वर्ग एका निवृत्त शिक्षिकेचा. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. त्यांच्याच जुन्या शाळेतले आठ संगणक भंगारात निघाले होते. जगभरचे स्वयंसेवक मिळून एक मोफत संगणकप्रणाली बनवतात, ती आम्ही त्यांवर चढवली आणि शाळेच्याच एका खोलीत वर्ग सुरू केला. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून गावातल्या बायका शिकायला यायच्या. त्या गेल्या की आम्ही पाचजण प्रणालीतले इंग्रजी शब्द मराठीत करायला बसायचो. बाईंचे मिस्टर गेल्यापासून त्यांचा सगळा आठवडा या रविवारची वाट बघण्यात जायचा, हे आम्हाला दिसत होतं.

मग शाळेच्या विश्वस्तांनी खोली परत मागितली. अधिकृत गट असाल तरच ठेवता येईल, म्हणाले. प्रणालीच्या जागतिक समितीकडे स्थानिक गटांना मान्यता देण्याची सोय होती. निकष सोपे वाटले: सहा महिन्यांचं काम, कोणालाही येता येईल असा गट, उघड चर्चेतून घेतलेले निर्णय आणि सभांच्या नोंदी. नोंदी म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी सुखावलो.

खरं सांगायचं तर आमच्या सभा म्हणजे नुसती भांडणं. ‘डिलीट’ या एका शब्दावर तीन रविवार गेले. मी ‘हटवा’ला चिकटून बसलो होतो. नालासोपाऱ्याहून येणारी, बँकेत नोकरी करणारी मुलगी म्हणायची, डिलीटला डिलीटच म्हणा, लोकांना तेच कळतं. बाईंना ‘पुसा’ हवं होतं, पाटी पुसतात तसं. त्यांची मराठी एरवी पुस्तकातली, पण चिडल्या की गावची व्हायची. “घरात हटवा कोन म्हनतं?” असं म्हणून त्या एकदा उठून गेल्या, आणि पुढच्या रविवारी राजेळी केळी घेऊन आल्या. शेवटी वर्गातल्या बायकांनाच विचारलं आणि त्यांनी ‘पुसा’ ठरवलं. यातलं एक अक्षर मी लिहिलं नाही. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. घरचं भांडण परक्यांना कशाला दाखवायचं, हा माझा विचार.

समितीचं उत्तर फार सभ्य होतं, म्हणून जास्तच लागलं. तुमच्या एवढ्या सभांत एकदाही कोणाचं मत वेगळं पडलेलं दिसत नाही, त्यांनी लिहिलं. हा गट खरोखर आहे की एकाच माणसाने लिहिलेले कागद, हे आम्हाला ठरवता येत नाही. मी लांबलचक खुलासा पाठवला, एकेक भांडण तारीखवार सांगितलं. त्यावर उत्तर आलं की मागाहून सांगितलेलं धरता येत नाही, वर्षभराने पुन्हा अर्ज करा. शाळा जूनमध्ये उघडणार होती आणि त्याआधी खोली सोडायची होती. मी विश्वस्तांकडे गेलो, मुदत मागितली आणि त्यांचा चहा पिऊन परत आलो.

शेवटच्या रविवारी बाईंना सांगितलं की चूक माझी आहे. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “म्हणजे मी रागावून उठून गेले होते, ते कुठेच नाही?” मी म्हणालो, “नाही.” तोवर वायरी गुंडाळून झाल्या होत्या. बँकेतल्या मुलीने विचारलं, आजच्या सभेचं काही लिहायचं का? मी सवयीने वही काढली आणि ‘वर्ग बंद करण्याचे ठरले’ इथवर लिहिलं.

“थांब,” बाई म्हणाल्या. “बंद करायला माझी ना आहे. कोन म्हनलं, ते पन लिही.”

मी त्यांच्या नावानिशी लिहिलं आणि वाचून दाखवलं. समितीला हवी होती तशी ती आमची पहिलीच नोंद. ती आता कोणाला पाठवायची, हे मला सुचेना.