रेघाईचे पाय

आमच्या आतोबांइतका, म्हणजे आत्याच्या यजमानांइतका, पाण्याच्या मागे लागलेला माणूस साऱ्या मुरबाड तालुक्यात झाला नसेल. तरुणपणी ते तानसा तलावावर पाण्याची उंची मोजायची पट्टी वाचायच्या कामाला होते. काम सुटलं, पट्टी डोक्यातून गेली नाही. जेवायला बसले की आमटीची वाटी किती बोटं भरली आहे ते आधी पाहत. युद्धाची वर्षं होती. गाव जर्मन कुठवर आला ते विचारी, आतोबा काळू नदी कुठवर आली ते सांगत. लहानपणी त्यांची आई भाताचा मुडा, म्हणजे पेंढ्यात बांधलेलं धान्य, आणायला पुरात माघारी फिरली, ती परत आलीच नाही. म्हणून भर वैशाखात पत्र्याचा डबा बडवत ते नदीकाठचा सगळा पाडा टेकडीवरच्या देवळात पळवत. "आधी म्हातारी, मग भात, मग शेरडं! भांडी ऱ्हाऊ दे गो!" माणसं घामाने निथळत, हसत चढत. "बाबा, पानी कुठं हाय?" कोणी विचारलंच तर म्हणत, "येईल तवा इचारायला तू नसशील."

नदीच्या उताराजवळच्या कातळावर त्यांनी गेरूची आडवी रेघ मारली. पाणी इथं लागलं की निघायचं. आठ दिवसांत रेघेवर फूल आलं, मग नारळ, आणि पावसाळ्याआधी रेघेच्या वर हातभर शेंदूर. देवीचं नावही ठरलं, रेघाई. आतोबा कपाळ बडवत. "अरे, ती खूण हाय, देव नाय!" त्यावर पाड्यातली एक म्हातारी म्हणाली, "मंग खूण दावली कुनी? देवानंच ना?"

मी तेव्हा घरातला पहिला बी.ए. होऊन मुरबाडला नुकताच मास्तर झालो होतो. श्रावणात आत्याकडे आलो आणि पावसाने अडकलो. तिसऱ्या दिवशी दुपारी आतोबा डबा बडवत पाड्यात शिरले, मी मागे. कोणी हलेना. "आज बी तालीम का, बाबा? वैशाखात तीनदा झाली की!" शिकलेला म्हणून मी चार शब्द सांगून पाहिले, त्यांनी मला बसायला घोंगडी दिली. एवढ्यात फूल वाहायला गेलेली तीच म्हातारी धापा टाकत आली. "रेघाईच्या पायाला पानी लागलं गो!"

आणि काय सांगू! सगळा पाडा एका झटक्यात उठला. म्हातारी माणसं पाठीवर, भाताचे मुडे डोक्यावर, शेरडं पुढे. भांड्यांना कोणी हात लावला नाही. "बघ रे, बघ!" माझा दंड धरून आतोबा ओरडले, "कसे शिस्तीत चाललेत!" इतकी वर्षं त्यांचं ऐकलं नव्हतं कोणी, पायांनी मात्र ऐकलं होतं. आम्ही देवळात पोचलो तोवर खाली ओट्यांवर पाणी चढलं होतं. माणूस एकही गेलं नाही. गेलं ते फक्त आतोबांच्या घरचं भात.

"गावाचं वर नेलंत, नि आपलं?" देवळात आत्या म्हणाली. तेव्हा ती म्हातारी उठली आणि आपल्या मुड्यातलं ओंजळभर भात तिने आत्याच्या पदरात घातलं. मग एकेक बाई उठली.

पूर ओसरल्यावर आतोबा कातळापाशी गेले. आज हात जोडणार, असं मला वाटलं. ते उकिडवे बसले आणि रेघेच्या खाली चार बोटं शेंदूर माखू लागले.

"हे काय, आतोबा?"

"पाय खाली घेतोय तिचे. लवकर भिजतील. म्हाताऱ्यांना चढायला येळ लागतो रे."

आतोबांना जाऊन आता बरेच पावसाळे झाले. वैशाखात पाड्यातल्या बाया रेघाईला शेंदूर लावतात. मी पाहिलं आहे, पायांशी आल्या की त्या हात आणखी बोटभर खाली नेतात.