सार्जंट व्हिटकर यांची चौकशी

माझी पहिली पोस्टिंग २००३ च्या एप्रिलमध्ये ठरली, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, आमच्या डायनिंग टेबलावर. मी सतरा वर्षांची होते. पुढे मी आर्मीत कॅप्टनपर्यंत पोचले, बऱ्याच ऑर्डर्स घेतल्या आणि दिल्या, पण त्या टेबलावर झाली तेवढी उलटतपासणी मला पुन्हा कुठे दिसली नाही.

प्रश्न असा होता. मला आर्मी ऑफिसर व्हायचं होतं. आर्मीच्या अकादमीनं थेट प्रवेश दिला नाही. एक वर्ष आमच्या प्रेप स्कूलमध्ये, म्हणजे पूर्वतयारीच्या शाळेत या, मग पाहू, असं कळवलं. त्याच आठवड्यात दुसरा होकार आला. आमच्याच राज्यातल्या विद्यापीठात चार वर्षं इंजिनिअरिंग शिका, सोबत ऑफिसर ट्रेनिंग करा, फी आर्मी भरेल. दोन्हीकडे महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं, आणि माझं वय कमी असल्यामुळे आईबाबांच्या सह्या लागणार होत्या.

माझे बाबा गाड्यांच्या सुट्या भागांच्या तपासणी खात्यात होते. सप्लायरनं पाठवलेला माल नाकारणं हे त्यांचं काम, आणि ते ते घरीही घेऊन येत. दुकानात चव बघायला म्हणून ठेवलेला चीजचा तुकडासुद्धा ते घेत नसत. आता तर आर्मी त्यांच्या एकुलत्या एका मुलीला शिक्षण फुकट देऊ करत होती, आणि टीव्हीवर इराकचं युद्ध चालू होतं.

"पहिलं वर्ष कुठलंच बंधन नाही म्हणतात. कोण देतं असं?" हे स्कॉलरशिपबद्दल.

"ऑफिसर करतो म्हणून बोलावतात आणि भरती करून घेतात शिपाई म्हणून!" हे प्रेप स्कूलबद्दल. तिथे खरंच तसा नियम होता. शिवाय वर्षाच्या शेवटी अकादमी प्रवेश देईलच, याची लेखी हमी नव्हती.

आईला दुसरंच खुपत होतं. "वर्ष वाया जाणार. मंडळाच्या पाडव्याला सगळे विचारतील, नापास झाली का म्हणून."

मलाही वाटत होतं तसंच. प्रेप स्कूल म्हणजे नकाराला लावलेली साखर. मी मनातून स्कॉलरशिप पक्की केली होती.

तेवढ्यात फोन आला. विद्यापीठातल्या ट्रेनिंगचं काम बघणारे मास्टर सार्जंट डेल व्हिटकर बोलत होते. मार्चमध्ये उमेदवारांना त्यांनी एक दिवस कॅम्पसवर बोलावलं होतं, तेव्हा मी त्यांना पाहिलं होतं. बुटका माणूस, आवाज कधी चढत नसे.

"मॅम, तुम्ही आमची स्कॉलरशिप घेऊ नका," ते म्हणाले. "प्रेप स्कूलला जा."

मी विचारलं, "का, सार्जंट?"

"ते मी तुमच्या वडिलांसमोर सांगेन. शनिवारी येऊ का?"

मी बाबांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. "स्वतःच्या दुकानाबाहेर उभा राहून गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानात पाठवतोय? इथे कुठेतरी पाणी मुरतंय."

मला तर रागच आला. मी मुलगी आहे म्हणून, की सावळी आहे म्हणून, की माझं आडनाव त्यांच्या जिभेवर बसत नाही म्हणून? तिन्ही शक्यता मला सारख्याच खऱ्या वाटल्या.

मग आमच्या लोकांनी केलं ते आमचेच लोक करू जाणे. मुलीला स्थळ आलं की करतात तशी त्यांनी सार्जंट व्हिटकर यांची चौकशी काढली. दातार काका म्हणजे ट्रॉयमधले सगळ्यांत जुने मराठी डॉक्टर, आता रिटायर झालेले. विद्यापीठाच्या गावात त्यांचे अजून डॉक्टर मित्र होते. त्यांनी तीन दिवस फोन फिरवले. बाबांनी रजा टाकली आणि गाडी काढून थेट व्हिटकर यांच्या गल्लीत गेले. शेजारच्या घरावर विक्रीची पाटी होती. घर बघायला आलोय असं सांगून त्यांनी समोरच्या म्हाताऱ्याकडून जमेल तेवढं काढून घेतलं.

शुक्रवारी काका अहवाल घेऊन आले. "बायको शाळेत शिकवते. मुलंबाळं नाहीत. पीत नाही, कर्ज नाही. आखाती युद्धात होता. कुणाशी भांडण नाही."

"म्हणजे चांगलाय ना, काका?" मी विचारलं.

"तेच तर गं! काहीच सापडत नाही. मला नाही आवडत असली माणसं."

शनिवारी सार्जंट व्हिटकर वेळेच्या पाच मिनिटं आधी आले आणि पाच मिनिटं गाडीत बसून राहिले. पडद्याआडून आम्ही चौघं बघत होतो. आईनं साबुदाण्याची खिचडी केली होती. त्यांनी ती संपवली आणि पुन्हा मागून घेतली. बाबांनी काकांकडे पाहिलं. त्यांना त्यातही काहीतरी हेतू दिसला असावा.

मग सार्जंटनी डिश खाली ठेवली. "सर, माझ्या शेजारचं घर पसंत पडलं का?"

बाबांचे कान लाल झाले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"समोरचे गृहस्थ माझे मित्र आहेत," सार्जंट म्हणाले. "राग नाही, सर. माझी मुलगी असती तर मीही आलो असतो बघायला. विचारा, काय विचारायचंय?"

बाबांनी घसा साफ केला. "आमची मुलगी दुसरीकडे गेली तर तुमचं नुकसान. तरी नको म्हणता. यात तुमचा फायदा काय?"

"काही नाही. माझे वरिष्ठ माझ्यावर नाराज होतील."

"मग तिच्या भल्यासाठी म्हणताय?"

"नाही, सर."

काका खुर्चीत पुढे सरकले.

"मी तुमच्या मुलीचा विचार करत नाहीये," सार्जंट म्हणाले. "ऑफिसर झाल्यावर तिच्या हाताखाली चाळीसएक माणसं येतील. मी त्यांच्याकडून बोलतोय. मार्चमध्ये मी पाच उमेदवारांना नकाशा आणि होकायंत्र देऊन रानात सोडलं होतं. होकायंत्र तिच्या हातात होतं. एका उंच मुलानं चुकीची वाट धरली आणि चौघं त्याच्यामागे गेले. मी मागून चाललो होतो. ती दर वळणावर होकायंत्र बघत होती. तिला माहीत होतं. ती बोलली नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "खरंय?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा, तो इतका शुअर होता! आणि तो सीनियर होता. ऑड वाटलं असतं."

आई खाली बघू लागली. मोठ्यांच्या मधे बोलू नये, हे माझ्या मनावर तिनंच बिंबवलं होतं, आणि मी ते नीट शिकले होते.

"हुशार आहे ती," सार्जंट म्हणाले. "आमच्याकडे आली तर चारही वर्षं चांगले मार्क मिळवेल आणि गप्प राहील. आमचे तास आठवड्यातून थोडे. प्रेप स्कूलमध्ये सकाळपासून झोपेपर्यंत कुणी ना कुणी तिला ओरडायला लावेल. तिला ते एक वर्ष हवंय. आत्ता युद्ध चालू आहे, सर. माहीत असून गप्प बसणारा लेफ्टनंट माणसं मारतो."

निरोप घेताना त्यांनी आईला खिचडीसाठी थँक यू म्हटलं आणि ते गेले. काका म्हणाले, "अजून एक फोन करून बघू का?"

"नको," बाबा म्हणाले. "गेला महिनाभर जो तो आपल्या भल्याचं बोलतोय. हा पहिला माणूस, जो नाही म्हणाला. पेन आण गं."

त्यांनी प्रेप स्कूलच्या कागदांवर सही केली. मात्र प्रत्येक पानाची झेरॉक्स काढली, आणि एक संच काकांकडे ठेवला.

जुलैमध्ये मी न्यू जर्सीला प्रेप स्कूलमध्ये गेले. वर्ष कठीण गेलं. सकाळी पीटी, मग गणित आणि इंग्लिश, मग ड्रिल. आळीपाळीनं प्रत्येकाला स्क्वाड, म्हणजे दहाएक जणांची तुकडी, चालवावी लागे. माझ्या स्क्वाडमधले निम्मे जण आधी शिपाई होते, वयानं आणि अंगानं मोठे. पहिल्या पाळीला माझा "हॉल्ट" कुणाला ऐकूच गेला नाही आणि पुढची रांग कुंपणाला जाऊन टेकली. इन्स्ट्रक्टरनं मला त्याच कुंपणापाशी उभं करून तासभर ओरडायला लावलं. त्या दिवशी मला सार्जंट व्हिटकर यांचा मनापासून राग आला होता. वसंतात एका सरावात आमचा लीडर नाल्याच्या चुकीच्या बाजूनं निघाला. तो इराकमध्ये लढून आलेला होता. मी मागून ओरडले, "राँग वे!" तो थांबला, नकाशा पाहिला आणि परत फिरला. ऑड वगैरे काही वाटलं नाही. २००४ च्या उन्हाळ्यात अकादमीनं मला आत घेतलं.

मी सार्जंटना दर नाताळात कार्ड पाठवत असे. त्यांचं उत्तर दोन ओळींचं असायचं. २००५ मध्ये विद्यापीठातली त्यांची मुदत संपली आणि ते इराकला गेले. पुढच्या वर्षी शरद ऋतूत त्यांच्या गाडीखाली बॉम्ब फुटला. मला कळलं तेव्हा दफन होऊन आठवडा झाला होता. मी बाबांना फोन केला. बाबांनी नेहमीप्रमाणे विचारलं नाही की नक्की कसं झालं, कोण म्हणालं. ते फक्त "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला. आईनं नंतर सांगितलं, ते गराजमध्ये जाऊन बसले होते.

२००८ च्या मे महिन्यात मी लेफ्टनंट झाले. समारंभाला आईबाबा आणि दातार काका न्यूयॉर्कला आले होते. घरी परतताना ओहायोत बाबांनी कुणालाही न विचारता हायवे सोडला. त्यांनी सार्जंटच्या पत्नीला आधीच फोन करून ठेवला होता. सार्जंटचं मूळ गाव तिथे होतं आणि दफनभूमी गावातल्या शाळेच्या मागेच होती; त्यांच्या पत्नी तिथे आमची वाट बघत होत्या. मी युनिफॉर्ममध्ये होते. दगडावर नाव, हुद्दा आणि दोन युद्धांची नावं होती. एरवी सार्जंट आधी सॅल्यूट करतो आणि लेफ्टनंट उत्तर देतो. मी आधी केला.

मिसेस व्हिटकर बाबांना म्हणाल्या, "फोनवर नीट कळलं नाही. तुमची आणि डेलची ओळख कशी?"

"मॅडम, तुमच्या मिस्टरांनी माझ्या मुलीला नको म्हटलं होतं," बाबा म्हणाले. "मी तेव्हा थँक यू म्हटलं नाही. मला वाटत होतं, अजून काहीतरी निघेल."

त्या थोडं हसल्या. "मग? निघालं का?"

"नाही," बाबा म्हणाले. "मी पुष्कळ शोधलं."