उरल्यासुरल्या सुताचं कापड

डिझायनर बाई धाकटीच्या हातमागापुढे गुडघे टेकून बसली आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. थोरलीच्या मागापुढे बाई नुसती उभी राहिली होती, तीही चहाचा कप हातात धरून.

या दोघी जावा. पत्र्याच्या छपराखालच्या एकाच लांबट खोलीत शेजारीशेजारी माग लावून बसणाऱ्या. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला धोटा कुठून कुठे फेकायचा हेही ठाऊक नव्हतं. थोरलीने तिला शिकवलं. चांगलं सूत मात्र तिच्या हाती लागू दिलं नाही. स्वतःचं विणून झालं की जे तुकडे उरायचे, कुठला वीतभर, कुठला हातभर, एकाचा रंग दुसऱ्याशी न जुळणारा, ते थोरली पोत्यात भरायची आणि धाकटीपुढे ओतायची. "आधी यावर हात बसव," म्हणायची. हात बसला तरी पोतं काही बदललं नाही, आणि त्याचं थोरलीला कधी काही वाटलंही नाही.

तुकडे जोडायचे म्हणजे गाठी आल्या. थोरलीला कापडावर दिसणारी गाठ म्हणजे भर चौकात पदर सुटल्यासारखी लाज. ती गाठ इतकी बारीक मारायची आणि उलट्या बाजूला अशी दडवायची, की नंतर तिची तिलाच सापडू नये. धाकटीला एवढा धीर कुठला? ती गाठ मारून मोकळी व्हायची, सुताची शेपटं तशीच वर लोंबत ठेवायची. त्या कापडाची घरात पायपुसणी व्हायची, आणि थोरलीच्या मते तेवढीच त्याची लायकी होती.

बाई आली होती खरं तर थोरलीचं नाव ऐकून. दारात चपला काढताना तिचा पाय पायपुसण्यावर पडला. तिने खाली पाहिलं, पाय काढला आणि ते चक्क उचलून झटकून उजेडात धरलं.

"हे कोणाचं?" तिने विचारलं.

"ते होय, टाकाऊ आहे," थोरली घाईने म्हणाली. "इकडे या ना, माझं दाखवते."

पण बाईला टाकाऊच हवं होतं. काहीही फेकून न देता, उरल्या सुतातून नवं कापड करायचं तिच्या डोक्यात होतं. त्यासाठी तिला एकच विणकर हवी होती, शेजारी बसून रंग ठरवणारी, नक्षी सुचवणारी, आणि प्रत्येक कापडाच्या पट्टीवर त्या विणकरणीचं नाव येणार होतं.

"आणि माझं काम?" थोरलीने विचारलंच.

"तुमचं फार सुंदर आहे," बाई म्हणाली. "पण खरं सांगू? मशीनचं वाटतं."

जेवताना थोरलीने हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मग बरंच की. मशीन कधी चुकतं का?" त्याला दुसऱ्यांदा वाढायला कोणी उठलं नाही.

बाईने धाकटीला नमुना विणायला सांगितला होता. तो पसंत पडला की काम पक्कं. एरवी मागावर जांभया देणारी धाकटी आता गुणगुणायला लागली. पोतं संपलं तशी थोरलीच्याच मागाखाली वाकून तुकडे वेचायला लागली, आणि वर म्हणायची, "ताई, जरा पाय उचला ना." थोरली पाय उचलायची. आतून नुसती जळत असायची. आपण केरात काढलेलं सूत, आपण शिकवलेला हात, आणि नाव मात्र हिचं! तिने गुपचूप एकदा स्वतःच्या मागावर ओबडधोबड विणूनही पाहिलं. चार ओळी झाल्या आणि बोटं आपसूक गाठी दडवायला लागली.

मग धाकटीची दाढ दुखायला लागली. ती उपटून घ्यायला धाकटी नवऱ्याबरोबर गेली तेव्हा खोलीत थोरली एकटीच होती. ती उठून धाकटीच्या मागावर जाऊन बसली. कापड खराब करावं असं तिच्या मनात नव्हतं. उलट एकदा या गबाळ्या कापडाला लागून खरं विणकाम दिसू दे, मग कळेल बाईला, एवढंच तिला वाटत होतं. त्याच तुकड्यांतून तिने चांगलं हातभर कापड विणलं. आयुष्यात विणलं नसेल इतकं झकास.

धाकटी गाल सुजवून आली ती थेट अंथरुणात शिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हजर.

तिने नमुन्यावरून हात फिरवत नेला. गाठी, शेपटं, गाठी. चेहरा खुलत गेला. मग हात थांबला.

"इथे काय झालं?" ती म्हणाली. "इथून पुढे सगळं मेलंय."

धाकटीने वाकून पाहिलं. एका नजरेत तिला कळलं. तिने थोरलीकडे पाहिलं, थोरली खिडकीबाहेर बघत होती.

"माझ्याच हातचं आहे ते," सुजलेल्या तोंडाने धाकटी म्हणाली. "दाढ दुखत होती ना, लक्षच नव्हतं. देते उसवून."

आता गप्प बसली असती तर थोरली सुटली असती. पण ते हातभर कापड हिच्या नावावर जाणार? तेही लक्ष नसताना झालेलं म्हणून?

"खोटं बोलू नकोस," थोरली कडाडली. "असं तुला जन्मात जमायचं नाही."

बाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली.

"नाहीच जमायचं, ताई," धाकटी म्हणाली. "मी कुठे म्हटलं जमतं म्हणून?"

बाईने हलकेच सांगितलं, की कोणी का विणलेलं असेना, तेवढं उसवावं लागेल. धाकटी पुढे झाली. थोरलीने तिचा हात बाजूला सारला, तिच्या मागावर बसली आणि आपलं कापड स्वतःच धागा धागा करून काढायला लागली.