पहिल्या पानाचे आबा

मानासाठी प्राण देणारी माणसे इतिहासात पुष्कळ झाली. आमच्या आबांनी गुडघे दिले. तेही एकदम नव्हे. दहाबारा वर्षे, थोडेथोडे करून, आणि दर वेळी घरादाराला ऐकवून.

आबा माझे चुलते. आंबवड्याच्या देवळातल्या उत्सवाच्या पंगतीत पहिले पान त्यांचे असे. त्या पानावरच्याने घास उचलल्याशिवाय कोणी जेवायचे नाही आणि तो उठल्याशिवाय कोणी उठायचे नाही, हा गावचा नियम. या मानाबरोबर जमीन नव्हती, वतन नव्हते, साधे उपरणेही नव्हते. होता तो एक पाट आणि त्यावर मांडी घालून बसणे. मांडी मोडली, की मान दुसऱ्या पानावरच्या तात्यांकडे जायचा. तात्या आबांचे चुलतभाऊ. दोघांचे बोलणे बंद होते. का, ते दोघांनाही नीट सांगता येत नसे.

आबांचा उजवा गुडघा सकाळी आखडलेला असे, पायऱ्या उतरताना कळ मारी आणि वाकवला की आतून कटकट वाजे. “ह्यांच्या आदी ह्यांचा गुडगा येतो,” असे काकी म्हणत. मी तेव्हा भोरला शिक्षक होतो. शेवटी त्यांना मोटारीत घालून दवाखान्यात आणले.

डॉक्टर कळेल असे बोलणारे होते. “हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, ती झिजलीय. गेलेली परत येणार नाही. पण मांडीचे स्नायू बळकट केलेत, तर गुडघ्याला आधार मिळेल. खुर्चीवर बसून पाय सरळ करा, दहा आकडे मोजा, खाली सोडा. सपाटीवर रोज चाला. वजन उतरवा. दुखेल तेव्हा शेका. काठी डाव्या हातात घ्या. आणि मांडी घालू नका.”

आबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. तिथेच मला संशय यायला हवा होता.

“मास्तर, डाक्टर हुशार हाय,” बाहेर आल्यावर ते म्हणाले. “वंगान संपलंय म्हनला.”

“असं कुठं म्हणाले?”

“झिजलं म्हंजी वंगान संपलं. गाडीच्या आखाला काय करत्यात?”

दुसऱ्या दिवसापासून आबा दोन्ही वेळा वाटीभर तूप पिऊ लागले. महिन्याभरात गुडघा होता तसाच राहिला, आबा तेवढे वाढले. काठीबद्दल त्यांचा निर्णय असा: “उजवा दुखतोय आन् काठी डाव्या हातात? डाक्टर डावरा असंल.” चालणे त्यांनी बंद केले, कारण झिजलेली वस्तू जपून वापरायची असते. ती जपून त्यांनी महिनाभर खाटेवर ठेवली. उठले तेव्हा मांडी काडीसारखी झाली होती. एवढे करून उत्सव जवळ येताच ते रोज मांडी घालायची तालीम करू लागले.

“आबा, एवढं पान सोडा,” मी वैतागून म्हणालो.

“आन् तितं तात्या बसंल? म्या मेल्यावर बसू दे.”

त्या वर्षी आबा पाटावर बसले. चेहरा दगडासारखा ठेवून जेवले. ताक पिऊन झाले. सगळी पंगत त्यांच्याकडे बघू लागली. आबांनी हात टेकला, अंग उचलले आणि पुन्हा खाली बसले.

“भात वाढ रं,” ते वाढप्याला म्हणाले.

भात संपला. पुन्हा तेच. “आनी वाढ.” तिसऱ्या वाढपाला शंभर माणसांचे हात वाळून कडक झाले होते आणि दुसरी पंगत उन्हात उभी राहून आमच्या घराण्याविषयी बोलू लागली होती. मी पुढे होऊन म्हणालो, “आबा, हात द्या.”

“जेवतूय न्हवं!” आबा खेकसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

तेवढ्यात शेजारून तात्या, कित्येक वर्षांनी, त्यांच्याशी बोलले.

“आबा, बिगीबिगी नगं. खा सावकाश. माजंबी दोनी गुडगं धरल्यात.”

आबांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. मग दोघांनी एकदमच माझ्याकडे हात पुढे केले. चार जणांनी मिळून त्यांना उभे केले आणि पंगत उठली.

डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्याच आठवड्यात सुरू झाला. आमच्या ओसरीवर बाक मांडून दोघे शेजारी बसत, पाय सरळ करीत आणि मोठ्याने आकडे मोजीत. तात्या आठावर पाय सोडतात, अशी आबांची तक्रार. आबा मधला पाच गाळतात, अशी तात्यांची. तूप बंद झाले. पाचसहा महिन्यांत आबा काठी डाव्या हातात घेऊन ओढ्याकडच्या शेतापर्यंत जाऊ लागले. “म्या म्हनलोच हुतो,” असे ते मला सांगत. काय म्हणाले होते, ते मी विचारले नाही.

पहिले पान मात्र दोघांनीही पुन्हा घेतले नाही आणि एकमेकांना घेऊही दिले नाही. दोघे देवळाच्या ओट्यावर पाय सोडून जेवत. रिकाम्या पाटापुढे पान वाढले जाई. गुरव ते उचलून नेई, मग पंगत उठे.

आबा जाऊन चार वर्षे झाली. तात्या त्यांच्यामागून सहा महिन्यांत गेले. गाव अजून नियम पाळते. पहिले पान सध्या गुरवाच्या गाईकडे आहे. ती उभ्यानेच जेवते.